शतावरी मेली नसेल, आधी कूलरचा पाइप काढा

ताई, तुम्ही लिहिलंय की घरामागच्या रानासारख्या वाढू दिलेल्या तुकड्यातली शतावरी मार्चअखेर पिवळी पडली आणि एप्रिलमध्ये पार वाळली. पाणी कमी पडत असेल म्हणून कूलरच्या पाण्याचा पाइप तिच्या बुडाशी नेऊन ठेवला. तरी फरक नाही, म्हणून आता उपटून टाकायचा विचार आहे. बाकीचं सगळं नंतर बोलू. तो पाइप आज संध्याकाळीच काढा.

हेच मी केलं होतं. नागपूरजवळ बेशाकडे आमचा प्लॉट आहे, खाली चिकट काळी माती, पूर्वी तिथे वावरच होतं. मागच्या बाजूला मी अकरा शतावऱ्या लावल्या होत्या, बियांपासून, चार वर्षांच्या. दरवर्षी उन्हाळ्यात त्या वाळायच्या आणि मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात बोटाएवढे कोंब वर यायचे. त्या वर्षी सासूबाईंच्या आजारपणात बागेकडे बघायला वेळ नव्हता, म्हणून वाटलं, कूलरच्या टाकीतलं थोडं पाणी रोज काढतोच, ते वाया कशाला घालवायचं? पूर्ण एप्रिल-मे पाइप तिथेच. ऑगस्ट आला तरी एकही कोंब नाही. खणलं तर मुळ्यांच्या जागी काळा, घाण वास मारणारा चिखल. अकरापैकी नऊ गेल्या. वाचल्या त्या दोन, कडुलिंबाखालच्या बांधावर होत्या, तिथपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं.

कारण मला खूप उशिरा कळलं. शतावरी उन्हाळ्यात मरत नाही, विश्रांती घेते. वरचा वेल वाळतो, पण खाली मुळ्यांचा जुडगा असतो, एकेक मूळ हातभर लांब, पाण्याने आणि अन्नाने भरलेलं. ही तिची उन्हाळ्याची बेगमी. पान नाही म्हणजे ती पाणी ओढत नाही. न ओढलेलं पाणी काळ्या मातीत साचून राहतं, मुळ्यांना हवा मिळत नाही आणि त्या सडतात. आपल्याकडे ४५ अंश तापमान असताना ओली माती आतून कशी गरम होते, हात घालून बघा. (नियमित पाणी मिळालं आणि निचरा चांगला असेल तर वेल उन्हाळाभर हिरवाही राहतो. कुणाची राहिली असेल तर ते खोटं नाही.)

दुसरं कारण कूलरचं पाणी हेच. ते साधं पाणी नसतं. कूलरमध्ये उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं पाणी मुळात जड, त्यात रोज भर घालायची, म्हणजे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. कूलरच्या गवती ताट्यांवर पांढरा थर बसतो ना, तोच तुम्ही झाडाच्या बुडाशी ओतताय. माझ्या वाफ्यावरही तसाच पांढरा पापुद्रा आला होता आणि मी तो बुरशी समजून झाडून टाकला. तो आठवला की अजून जीव हळहळतो.

हे टळलं असतं. जूनमध्येच मला शंका आली होती. पिशवीत माती आणि वाळका वेल घेऊन मी एका कार्यालयात गेले. नाव लिहीत नाही. तिथे तीन टेबलं फिरले. पहिल्याने सातबारा मागितला. मी म्हटलं, घरामागची बाग आहे, सातबारा कसला? दुसऱ्याने अनुदानाचा अर्ज पुढे केला, मी तो मागितलाच नव्हता. तिसऱ्याने पिशवी न उघडता सांगितलं, ‘पाणी कमी पडतंय, वाढवा.’ आणि मी वाढवलं. चार वर्षांची झाडं त्या एका वाक्यावर गेली. त्यांना माहीत नव्हतं तर तसं सांगायचं होतं, मी दुसरीकडे विचारलं असतं. असो, यावर लिहायला लागले की थांबत नाही.

आता तुम्ही काय करायचं. उपटू नका. खुरप्याने एका बाजूने हलकेच माती सारा आणि एखादं मूळ बोटाने दाबून बघा. टणक, पिवळसर पांढरं असेल, मोडल्यावर रस येत असेल तर झाड जिवंत आहे. माती परत लोटून द्या. मऊ आणि वासाचं असेल तर तेवढा भाग कापून काढा. वर मधोमध जो गड्डा असतो, जिथून कोंब फुटतात, तो शाबूत असला तर आशा आहे. तो गेला तर नुसत्या मुळांतून नवं झाड येत नाही. बाजारातून सुटी मुळी आणून लावणारे किती जण वर्षभर वाट बघत बसतात!

क्षार खाली घालवायला गोडं पाणी भरपूर सोडा असं लोक सांगतात. तुमची माती आमच्यासारखीच काळी असेल तर मी आत्ता तसं करणार नाही, पहिले दोन जोरदार पाऊस ते काम करतील. फक्त पाणी साचणार नाही अशी चर काढून ठेवा. पुढच्या वेळी मात्र जमिनीत नको, वीतभर उंच वाफा करा आणि अर्धा मुरूम मिसळा. मी आता सगळ्या शतावऱ्या बांधावरच लावते.

एक खात्री करून घ्या, तुमची शतावरी शतावरीच आहे ना? गुच्छात घालायची पसरट, नेच्यासारखी दिसणारी शोभेची जात नर्सरीत सर्रास याच नावाने देतात. औषधी शतावरीची ‘पानं’ सुयांसारखी, झुबक्यात असतात, खोडावर खाली वळलेले दणकट काटे असतात आणि पांढऱ्या बारीक फुलांना मंद वास येतो. आणि कुणी जंगलातून आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. पेंच, बोर ही व्याघ्र प्रकल्पाची जंगलं आहेत, तिथून मुळं खणणं गुन्हा आहे. बी घ्या, ताजं, काळं, टणक. रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरा. महिनाभर काही दिसणार नाही, ढवळू नका.

काढणीची घाई करू नका. लोक दीड-दोन वर्षांत खणतात, मी तिसरं वर्ष संपू देते. आणि घरच्या मुळ्या आहेत म्हणून मनाने चूर्ण घेऊ नका. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, मला बागेचं कळतं, औषधाचं नाही. वैद्यांना विचारा, विशेषतः दुसरी औषधं चालू असतील किंवा कुणी गरोदर असेल तर.

कूलरच्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. मी आता तो पाइप कुंपणाकडच्या वाळ्याला दिलाय. वाळा क्षार बऱ्यापैकी सोसतो, तीन उन्हाळे झाले, ठाक उभा आहे.

तुमच्या झाडांची जुलैअखेरपर्यंत आशा सोडू नका. कोंब आला तर आधी त्याच्याभोवती बाभळीच्या काट्या टाका, आमच्याकडे मोकाट डुकरांनी गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत दोन वाफे उकरले.