‘गरम’ खोडणाऱ्यांसाठी

प्रश्न (नागपूर): कॉलेजच्या विज्ञान-अंकात मी ‘क्वेसार भोवतालचा वायू गरम करतो’ असं लिहिलं. (क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या मध्यातलं, पदार्थ गिळताना झगझगणारं महाकाय कृष्णविवर.) संपादकांनी ‘गरम’ फारसी म्हणून खोडलं आणि ‘उष्ण करतो’ केलं. बरोबर काय? आणि संगणकावरच्या सिम्युलेशनला ‘आभासी प्रयोग’ म्हणावं का?

उत्तर: ‘गरम’च ठेवा. ‘उष्ण करतो’ असं कोण बोलतं? मे महिन्यात सीताबर्डीवर ‘लय गरमी होऊन राह्यली बाप्पा’ म्हणतात. ‘उष्णता झाली’ म्हणालात तर समोरचा सब्जा घ्यायला सांगेल.

कोशात ‘फारसी’ असा शिक्का दिसला की भाषाशुद्धीवाल्यांची लाल पेन्सिल चालते. पुढे वाचायचे कष्ट कोण घेतो! ‘गरम’ फारसीच्या वाटेनं आला खरा, पण घराणं आपलंच. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात ‘गरेम’, संस्कृतात ‘घर्म’. या घर्माचाच मराठीत ‘घाम’ झाला. ‘गरम’ हाकलायचा तर त्याच्या चुलतभावाला, म्हणजे घामालाही पुसून काढा! त्याच मुळातून ग्रीकांनी ‘थर्मोस’ केला. म्हणजे आपल्या कोराडीचं थर्मल वीजकेंद्रही याच गोतावळ्यातलं. इंग्रजी ‘वॉर्म’वरून विद्वानांत वाद आहे, मी त्याला खुशाल घरात घेतो. आणि वैदिक ‘घर्म’ तर काय सांगू! प्रवर्ग्य विधीत मातीच्या भांड्यात तूप कडकडीत तापवतात, त्यात दूध ओततात आणि भपकन ज्वाळांचा लोळ उठतो. ते तापलेलं दूध म्हणजे घर्म.

क्वेसारचं काम याच जातीचं. कृष्णविवरात पदार्थ पडताना निघणाऱ्या प्रकाशातली जेमतेम ५ टक्के ऊर्जा वायूत मुरते, असं डी मॅटिओ, स्प्रिंगेल आणि हर्नक्विस्ट या खगोलशास्त्रज्ञांनी २००५च्या सिम्युलेशनमध्ये धरलं. तेवढ्यानंही वायू उधळला गेला आणि तारे घडणं जवळपास थांबलं. ‘ईगल’ या दीर्घिकांच्या सिम्युलेशनमध्ये ऊर्जा आधी साठू देतात, मग वायूच्या एकेका कणाचं (हा कण सिम्युलेशनमधला, अणू नव्हे) तापमान एका झटक्यात सुमारे ३० कोटी केल्विननं चढवतात. थोडी थोडी दिली तर वायू ती लगेच प्रारणात, म्हणजे किरणांच्या रूपात, घालवून बसतो. हा भपका तुमच्या संपादकांच्या ‘उष्ण करतो’त कुठे आहे?

हो, सिम्युलेशन राहिलंच. ‘आभासी’ नको, गुरुत्वाकर्षणाची आणि वायूच्या प्रवाहाची समीकरणं तिथे खरोखर सोडवलेली असतात. ‘सदृशीकरण’ लिहा, नाहीतर सरळ ‘सिम्युलेशन’. तेही आपल्या ‘सम’च्याच नात्यातलं आहे, पण ते पुन्हा कधी.