लिनक्सवर आवाज चालू केला की नेटवर्क कार्ड गप्प होतं. ड्रायव्हर बदलू का?

ड्रायव्हर बदलून काही होणार नाही. जुना पेंटियम, एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड आणि शेजारी आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड, असं तुम्ही लिहिलंय. साउंड ब्लास्टर बहुधा आयआरक्यू ५ धरून बसतं (आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची नंबर दिलेली लाइन), तुमचं नेटवर्क कार्डही तिथेच असणार. आयएसएवर एक आयआरक्यू दोघांत वाटून घेता येत नाही. लिनक्सच्या प्रॉक या फोल्डरमधली इंटरप्ट्स ही फाइल वाचा, पाचच्या ओळीत कोण बसलंय ते दिसेल. तिथलीच आयओपोर्ट्स ही फाइलही बघून घ्या, कोणतं कार्ड कोणता पत्ता वापरतंय ते कळेल.

तुम्हाला 'लिनक्सच काढून टाक' म्हणणारा एव्हाना भेटला असेलच. मला भेटला होता. १९९९ साली सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासची लॅब मी सांभाळायचो. एकाच डायलअपवर सगळ्या मशिनींना इंटरनेट द्यायचं म्हणून एका पेंटियमवर लिनक्स टाकलं. कॉम १ या सिरियल पोर्टवर माउस, म्हणून मोडेम कॉम २ वर. नेटवर्क चालू असलं की मोडेम हूं की चूं करेना, मोडेम आधी लावला तर नेटवर्क उठेना. हार्डवेअरवाल्याने कार्ड बदललं, कोएक्सची केबल बदलली, तिच्या टोकांचे टर्मिनेटर बदलले आणि शेवटी सरांना म्हणाला, "फुकटचं सॉफ्टवेअर आहे, असंच चालणार." सरांना लगेच पटलं! पैसे मोजले नाहीत म्हणजे माल खराब, हा आपल्याकडचा ठाम समज.

कॉम २ चा आयआरक्यू ३. नवं कार्डही कारखान्यातूनच ३ वर बसवून आलेलं, आणि त्याच्यासोबतची फ्लॉपी कोणी पाकिटातून काढलीही नव्हती. डॉसमध्ये बूट करून तिच्यातल्या सेटअपने मी कार्ड १० वर नेलं, लिनक्समध्ये कार्डाच्या मोड्यूलच्या (म्हणजे ड्रायव्हरच्या) ऑप्शन्समध्ये तेच आकडे लिहिले, बायोसमध्ये १० हा 'लेगसी आयएसए'साठी राखला. दोघं गुण्यागोविंदाने नांदू लागले. विंडोज ९८ असतं तरी हेच झालं असतं, फार तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं असतं. सर मात्र पुढेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की विंडोजवर हा त्रासच नसता. नसता कसा, सर? आयआरक्यू मदरबोर्डावर असतो, बिलावर नाही.

तर तुम्हीही कार्ड १० किंवा ११ वर न्या. कार्डावर जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असतील तर जंपरने. प्लग अँड प्ले (पीएनपी, म्हणजे सॉफ्टवेअरने सेट होणारं) असेल तर पीएनपीडंप हा प्रोग्रॅम चालवून आयएसएपीएनपीची सेटिंग्जची फाइल भरा आणि बायोसमधलं 'पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड' आधी 'नो' करा.

हां, एक राहिलं. कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. रियलटेक ८०२९ हेही एनई२००० जातीचंच, पण पीसीआय, म्हणजे आयएसएनंतर आलेल्या स्लॉटचं. तसं असेल तर ड्रायव्हर खरंच वेगळा लागतो, एनई२के-पीसीआय. मग कार्डाला हात लावू नका, बायोसमध्ये ५ हा आयएसएसाठी राखून ठेवा.