शब्द फिरला, मजकूर फिरला का?

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

मुक्त व्यापार करारांबाबत प्रचारात दिलेला शब्द सत्तेवर येताच फिरवणाऱ्या नेत्यांविषयीचा तुझा मसुदा दोनदा वाचला. माहिती कष्टाने जमवली आहेस आणि तुझा संतापही खरा आहे. परंतु अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन आणि ओबामा, कॅनडाचे माजी पंतप्रधान क्रेटिएन आणि मल्रोनी या चौघांवर तू ‘ढोंगी’ असा एकच शिक्का मारला आहेस, तिथे माझे तुझ्याशी पटत नाही. या विषयावर लिहिताना मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. नेत्याचे भाषण आणि कराराचा मजकूर शेजारी शेजारी ठेवायचा, आणि भूमिका बदलली तेव्हा मजकुरात नेमके काय बदलले, हे आधी शोधायचे.

या कसोटीवर क्लिंटन तुझ्या यादीतून बाहेरच पडतात. ऑक्टोबर १९९२ मध्ये, म्हणजे मतदानापूर्वीच, नॉर्थ कॅरोलायनातील भाषणात त्यांनी नाफ्टाला, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापार कराराला, पाठिंबा दिला होता. अट एवढीच, की कामगार आणि पर्यावरण यांसाठी पुरवणी करार व्हावेत. ते करार १९९३ मध्ये झाले. ते दुबळे होते, अशी टीका तू जरूर कर, मीही करतो. पण त्याला घूमजाव म्हणू नकोस. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातील अनेकांना हे रुचले नाही, ही गोष्ट मात्र तुझ्या लेखात यायला हवी होती. प्रतिनिधिगृहात नाफ्टा २३४ विरुद्ध २०० मतांनी संमत झाला, त्यात रिपब्लिकन मते १३२ आणि डेमोक्रॅटिक अवघी १०२ होती.

क्रेटिएन यांची गोष्ट वेगळी आहे. १९९३ च्या निवडणुकीत कॅनडाच्या लिबरल पक्षाने नाफ्टाची फेरवाटाघाटी करण्याचे आश्वासन दिले, बहुमत मिळवले, आणि काही आठवड्यांतच करार स्वीकारला. १ जानेवारी १९९४ पासून तो लागूही झाला. पदरात काय पडले, तर अनुदाने आणि डंपिंग (परदेशात माल अवाजवी स्वस्तात विकणे) यांवर कार्यगट नेमण्याची ग्वाही, आणि नैसर्गिक अवस्थेतील पाण्याला करार लागू होत नाही, असे तिन्ही सरकारांचे संयुक्त निवेदन. मूळ करारातील एक ओळही हलली नाही. ‘आम्ही सुधारणा करून घेतल्या’ ही त्यावरची मखलाशी तू पकडली आहेस, ते उत्तम केलेस.

ओबामांच्या बाबतीत मात्र तू दोन वेगळी प्रकरणे एकत्र कालवली आहेस. फेब्रुवारी २००८ मध्ये, ओहायोतील प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनी आणि हिलरी क्लिंटन यांनीही नाफ्टातून बाहेर पडण्याचा धाक दाखवून फेरवाटाघाटी करण्याची भाषा केली. हा धाक पोकळ नव्हता, कारण सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन कोणताही देश त्या करारातून बाहेर पडू शकत होता. पण उमेदवारी निश्चित होताच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, प्रचाराच्या काळात भाषा जरा तापते, अशी कबुली ओबामांनी एका मुलाखतीत दिली, आणि त्यांच्या कारकिर्दीत नाफ्टाच्या मजकुराला हात लागला नाही. इथे तुझा राग रास्त आहे.

दुसरे प्रकरण वेगळे आहे. दक्षिण कोरियाशी २००७ मध्ये सह्या झालेल्या कराराला ओबामांचा मुख्य विरोध मोटारींच्या कलमांवरून होता. डिसेंबर २०१० मध्ये नेमकी हीच कलमे बदलून घेतली गेली: कोरियन मोटारींवरचे अडीच टक्क्यांचे अमेरिकी आयात शुल्क पाचव्या वर्षापर्यंत कायम राहिले, अमेरिकी मोटारींवरचे कोरियाचे आठ टक्क्यांचे शुल्क लगेच चारवर आले, आणि अमेरिकी मोटार कामगारांच्या संघटनेनेही आपला विरोध मागे घेऊन पाठिंबा दिला. मग ऑक्टोबर २०११ मध्ये ओबामांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. बदल पुरेसा होता का, हा वादाचा मुद्दा आहे. पण इथे नेत्याने आपल्या होकाराची किंमत वसूल केली होती. क्रेटिएन यांच्याशी त्यांची तुलना करताना हा फरक गाळलास, तर तुझा लेख त्या दोघांवरही अन्याय करतो.

मल्रोनी यांच्यावर तू दोनच ओळी लिहिल्या आहेस. मला ते सर्वांत विलक्षण वाटतात. १९८३ मध्ये पक्षनेतेपदाच्या स्पर्धेत त्यांनी अमेरिकेशी मुक्त व्यापाराला विरोध केला आणि १९८५ मध्ये त्याच्याच वाटाघाटींना तोंड फोडले. इतका उघड बदल दुसऱ्या कोणाचा क्वचितच सापडेल. तरीही १९८८ मध्ये तयार करार हातात घेऊन ते मतदारांसमोर गेले (विरोधकांचे प्राबल्य असलेल्या कॅनडाच्या सिनेटने विधेयक अडवले होते, त्यामुळे यातला सगळाच धीटपणा स्वेच्छेचा नव्हता) आणि त्यांना बहुमत मिळाले. मात्र कराराला विरोध करणाऱ्या दोन मोठ्या पक्षांची एकत्रित मते त्यांच्या पक्षाहून जास्त होती. मतदारांनी संमती दिली की नाही, या प्रश्नाचे उत्तर जागा मोजून एक येते आणि मते मोजून दुसरे.

हे वारंवार का घडते, याचे कारण तू ‘सत्तेची नशा’ असे दिले आहेस. ते मला वरवरचे वाटते. करारामुळे बंद पडणारा कारखाना एका गावात असतो, तिथल्या प्रत्येकाला त्याचा पत्ता ठाऊक असतो. स्वस्त झालेल्या वस्तूचा फायदा मात्र लाखो घरांत थोडाथोडा विखुरतो आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. प्रचार त्या गावात होतो. खुर्चीवर बसल्यावर समोर येतात ते निर्यातदार, मित्रदेश आणि आधीच्या सरकारने केलेल्या सह्या. म्हणूनच उलट दिशेचा बदलही तपासायला हवा. पॅसिफिक पट्ट्यातील बारा देशांच्या कराराची २०१२ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून वाखाणणी करणाऱ्या हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये, उमेदवार असताना, त्याला विरोध जाहीर केला. त्यांना लेखात स्वतंत्र परिच्छेद दे.

आता मसुदा पुन्हा लिही. प्रत्येक नेत्यापुढे मूळ आश्वासनाचे नेमके शब्द आणि तारीख घाल, त्याखाली कराराचे बदललेले कलम घाल, आणि कलम सापडले नाही तर ती जागा तशीच रिकामी छाप. विशेषणे मग काढून टाकलीस तरी चालतील.

तुझा शुभचिंतक