दहा वर्षांच्या लॅपटॉपवर कोणती प्रणाली घालावी?

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. सध्या त्यावर विंडोज १० आहे. पण तो सुरू व्हायलाच फार वेळ लागतो आणि सपोर्ट संपल्याची सूचना वारंवार येते. बेळगावातील दुरुस्तीवाले विंडोज ७ घालून देतो म्हणतात, तर पुण्याचा पुतण्या विंडोज ११ चा आग्रह धरतो. मी गावच्या दूध संघाचा पत्रव्यवहार पाहतो. तो मराठीत असतो, मात्र तालुका कचेरीकडे जाणारे अर्ज मी नुडी या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर कन्नडमध्ये तयार करतो. घरच्या बँकेचे व्यवहारही याच लॅपटॉपवर होतात. कोणती आवृत्ती घ्यावी?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : विंडोज ७ चा सल्ला आपण कृपया स्वीकारू नये. ती हलकी आहे हे खरे. परंतु तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि क्रोम ब्राउझरनेही १०९ व्या आवृत्तीनंतर तिची साथ सोडली. त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट तिच्यात उघडीच राहते, आणि बँकेचा पासवर्ड आपण त्याच लॅपटॉपवर टाकणार आहात.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनच तिच्या अधिकृत यादीत आहेत. आडवाटेने ती आपल्या लॅपटॉपवर चढवता येईल. पण अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय ४ जीबी रॅम ही तिची किमान अट आहे, त्यामुळे लॅपटॉप आजच्यापेक्षा संथ होण्याचीच शक्यता अधिक.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या वाढीव सुरक्षा योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे. तिच्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. विंडोजचे बटण दाबून धरून आर दाबा आणि विनव्हर हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाका, म्हणजे आपली आवृत्ती कोणती ते दिसेल. ही योजना म्हणजे निर्णयासाठी मिळालेली सवड आहे, कायमचा उपाय नव्हे.

आवृत्तीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, लक्ष हार्ड डिस्ककडे द्यायला हवे. लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ बहुतांशी तिच्यामुळे जातो, कारण फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या हजारो लहान फाइली एकेक करून वाचाव्या लागतात. तिच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, तर कोणतीही प्रणाली घातली तरी फरक लगेच जाणवेल. आपल्या कामाला २५६ जीबीची पुरेल. रॅमची एक जागा रिकामी असल्यास आणखी ४ जीबी घालावी, मात्र त्याच प्रकारची. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा डीडीआर३एल असते, डीडीआर४ त्यात बसत नाही.

हे झाल्यावर लिनक्स मिंट २२ या, विंडोजहून वेगळ्या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती विनामूल्य आहे, ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. आपल्या सीमाभागातील माणसाला दोन भाषांत लिहावे लागते, आणि त्या दृष्टीने तिच्यात एक मोठी सोय आहे. नुडी हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे; पण नुडीतील कगप ही उच्चारानुसारी कळमांडणी लिनक्समध्ये मुळातच असते, आणि तीही कन्नड व मराठी दोन्ही भाषांसाठी. इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण मांडणीही आहेच. म्हणजे एकाच ठेवणीवर बोटे बसवून दोन्ही भाषांतले अर्ज लिहिता येतात. अडचण येईल ती जुन्या फाइलींची. नुडीच्या जुन्या फॉन्टमधील कन्नड आणि युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताआधीच्या फॉन्टमधील मराठी मजकूर लिब्रेऑफिस या मिंटवरील लेखन-सॉफ्टवेअरमध्ये दिसण्यासाठी ते फॉन्ट नव्या प्रणालीत उतरवावे लागतील, आणि तरीही असा मजकूर शोधणे वा सुधारणे कटकटीचेच राहील. महत्त्वाचे नमुना-अर्ज आताच युनिकोडमध्ये करून ठेवावेत.

संघाचा हिशेब याच लॅपटॉपवर टॅलीत होत असेल, तर मात्र हा सल्ला लागू नाही. टॅली विंडोजवरच चालते. तेव्हा वाढीव योजनेच्या मुदतीपर्यंत विंडोज १० ठेवून पुढे हिशेबापुरता नवा संगणक घेणे योग्य.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी, त्यासाठी काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. वायफाय, आवाज आणि विशेषतः आपला प्रिंटर तपासावा. काढलेली हार्ड डिस्क फॉरमॅट न करता काही महिने कपाटात ठेवावी. लॅपटॉपची बॅटरी थकली असेल, तर खानापूरच्या पावसात वीज जाण्याच्या दिवसांत घरी इन्स्टॉलेशन करू नये. ते अर्ध्यावर तुटल्यास लॅपटॉप सुरूच होणार नाही. इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी ते करून घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे १ जीबी रॅमचा, ॲटम प्रोसेसरचा छोटा लॅपटॉप आहे. त्यालाही मिंट चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते. काही ॲटम प्रोसेसर केवळ ३२ बिटचे, म्हणजे जुन्या रचनेचे आहेत; त्यांवर मिंट २२ चालत नाही, आणि डेबियनसारख्या जुन्या लिनक्स प्रणालीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. या लॅपटॉपवर आज जी प्रणाली आहे तीच राहू द्यावी, इंटरनेट कायमचे बंद करावे आणि तो केवळ टंकलेखनासाठी वापरावा. बँकेचे व्यवहार त्यावरून करू नयेत, आणि त्याचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावण्यापूर्वी तपासून घ्यावा.