‘चार आणे कमी’: नाणं गेलं, बोलणं राहिलं

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कालिदास कलामंदिरात विनोदी नाटक चालू असताना ‘ह्याला चार आणे कमी आहेत’ या वाक्याला हशा पिकला, पण शेजारी बसलेल्या शाळकरी लेकीला काही उमगलं नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, पंचवीस पैशांना चार आणे का म्हणायचं? आणि कमीच असायचे तर दोन किंवा तीन आणे का नाहीत?

लेकीचा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

जुन्या हिशेबात रुपयाचे आणे सोळा आणि आण्याचे पैसे चार. त्यामुळे सोळा आणे म्हणजे पूर्ण, निखळ. ‘सोळा आणे खरं’ आपण आजही म्हणतो. ज्याला चार आणे कमी तो बारा आण्यांचा माणूस. त्याला वेडा म्हटलेलं नाही. चारचौघांत वावरतो, बोलतो, फक्त एक पाव भाग जागेवर नाही. विनोदी नटाला नेमकं एवढंच माप हवं असतं.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा सव्वासहा पैशांचा पडला, तेव्हा व्यवहारात एका आण्याचे 6, दोनचे 12, तीनचे 19 असे तोडून-जोडून धरावे लागले. चार आण्यांचे मात्र बरोबर 25, आठांचे 50, बारांचे 75. जे आकडे तंतोतंत बसले तेच तोंडात राहिले, बाकीचे हिशेबासोबत गेले. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतही हेच दोन आकडे आहेत, आणि बेरीज पुन्हा सोळा!

‘चलती का नाम गाडी’ हा हिंदी चित्रपट 1958 चा, म्हणजे नवे पैसे आल्यानंतरचा. तरी त्यातला मेकॅनिक दुरुस्तीच्या थकलेल्या पैशांसाठी गाण्यात अडून बसतो ते पाच रुपये बारा आण्यांवरच. नुसते पाच किंवा सहा रुपये असते तर गंमत उतरली असती. सगळा हट्ट त्या वरच्या बारा आण्यांत आहे.

जाता जाता, चवली म्हणजे चार आणे नव्हे. चवली दोन आण्यांची, पावली चारांची. ‘चवन्नी’ हिंदीतून आली आणि तिच्यामुळे हा घोळ वाढला. पावली हा आपला शब्द, रुपयाचा पाव म्हणून पावली. तो पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

नाणं दाखवायचं असेल तर 1946-47 च्या निकेलच्या पावलीवर वाघ आहे, आणि 1988 पासूनच्या स्टीलच्या पंचवीस पैशांवर गेंडा. हे पंचवीस पैसे 30 जून 2011 पासून चलनातून गेले. नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापतात, नाणी नाही; पण त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, लेकीला तिथे जरूर न्या.

लिहिताना माझा प्रघात असा: नाणं असेल तर ‘चाराणे’ जोडून, माप असेल तर ‘चार आणे’ तोडून. म्हणून नाटकातलं वाक्य ‘चार आणे कमी’ असंच लिहावं.