लोशन, काळेनिळे डाग आणि पोल

मागील अंकात प्रौढ वयात जोपासता येण्याजोग्या छंदांवर लेख होता. त्यात पोल डान्सविषयी, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावर करायच्या नृत्य-कसरतीविषयी, जेमतेम चार ओळी होत्या, पण उरलेल्या लेखाला मिळून जेवढी पत्रे आली नाहीत तेवढी या चार ओळींना आली. मी स्वतः वयाच्या ४१ व्या वर्षी पोलला पहिल्यांदा हात लावला आणि पहिले तीन आठवडे जमिनीपासून वीतभरही वर गेले नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत पुस्तकी माहितीबरोबर थोडा स्वानुभवही आहे. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी पोलच्या वर्गाला जाऊ लागले. माझी त्वचा फार कोरडी असल्यामुळे आंघोळीनंतर सर्वांगाला बॉडी लोशन लावण्याची माझी अनेक वर्षांची सवय आहे. वर्गात मात्र माझे पाय पोलवर टिकतच नाहीत. शिक्षिका लोशन बंद करण्यास सांगतात, परंतु ते बंद केले की पोटऱ्या पांढऱ्या पडतात, खाज सुटते आणि पाय तरीही घसरतातच. बरोबरीच्या मुली चढतात, मी खाली येते. माझ्यात ताकद कमी आहे का?

उत्तर : ताई, ताकदीचा निष्कर्ष इतक्यात काढू नका. पोलवर माणूस टिकतो तो निम्मा स्नायूंच्या बळावर आणि निम्मा कातडी व धातू यांच्यातील घर्षणावर. या घर्षणाची एक गंमत आहे. अगदी कोरडी कातडी गुळगुळीत धातूवरून सरकते, किंचित ओलसर कातडी घट्ट धरते आणि घामाने चिंब झालेली कातडी पुन्हा सरकते. लोशनमधील तेल व मेण यांचा थर बसला की पकड जाते, म्हणून आपल्या शिक्षिका म्हणतात ते योग्यच आहे. पण लोशन पूर्ण बंद केल्यावर त्वचा कोरडीठक्क पडते आणि त्याही स्थितीत पकड मिळत नाही, म्हणून आपली तक्रारही तितकीच खरी आहे. प्रश्न लोशनचा नसून ते कधी लावायचे याचा आहे.

वर्ग संपल्यानंतर कोमट पाण्याने आंघोळ करावी आणि अंग पूर्ण कोरडे होण्यापूर्वी, विनासुगंध व चांगले दाट मॉइश्चरायझर सढळ हाताने लावावे. वर्ग नसलेल्या रात्रीही तेच करावे. वर्गाच्या दिवशी सकाळपासून मात्र मांड्या, पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग, दंड, बगला आणि पोट यांना काहीही लावू नये. साबणही मलईदार नको, कारण त्याचा थर अंगावर राहतो. घटकांच्या यादीत डायमेथिकॉन दिसले तर ते सिलिकॉन आहे हे लक्षात ठेवावे. हाताला ते चिकट लागत नाही, पण पोलवर तेलासारखेच दगा देते. उन्हातून वर्गाला जायचे असेल, तर सनस्क्रीन चेहरा व मान यांपुरते ठेवून हातपाय पूर्ण कपड्यांनी झाकावेत, आणि ते लावल्यावर तळहात साबणाने धुवावेत. ही शेवटची गोष्ट सगळेच विसरतात, मीही विसरले आहे आणि त्या दिवशीचा पूर्ण तास वाया घालवला आहे.

तळहातांना लावायच्या पदार्थांबाबत मैत्रिणीचे पाहून अनुकरण करू नये. ज्यांच्या हातांना घाम येतो त्यांना चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, उपयोगी पडते. ते पातळ स्वरूपातही मिळते, त्यातील अल्कोहोल उडून जाते आणि पांढरा थर राहतो. आपल्यासारख्या कोरड्या त्वचेला चॉक लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आपल्याला किंचित चिकटपणा देणारे पदार्थ हवेत. पायांवर पाण्याचा बारीक फवारा मारून मिनिटभर थांबल्यानेही पुष्कळदा काम होते. शिवाय पोल थंड असेल तर कुणाचीच पकड बसत नाही, म्हणून आधी शरीर आणि पोल दोन्ही तापवावेत. दहा ते पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप आणि पोलवरून हातांनी जोरात घासणे एवढे त्यासाठी पुरते. प्रत्येक फेरीनंतर अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने पोल पुसावा, कारण आपण लोशन लावले नसले तरी आपल्या आधीच्या व्यक्तीने लावलेले असू शकते.

केस काढण्याविषयीही याच पत्रात विचारले आहे. रेझर फिरवायचा असेल तर आदल्या दिवशी, वर्गाच्या तासभर आधी कधीही नाही; सोललेल्या कातडीला धातू घासला की होणारी आग रात्रभर जात नाही. वॅक्सिंगनंतर शक्यतो दोन दिवस जाऊ द्यावेत. मांड्यांवर रेटिनॉलचे किंवा आम्लयुक्त मलम लावत असाल तर तेही दोन-तीन दिवस आधी थांबवावे, कारण त्यामुळे वरचा थर नाजूक होऊन चटकन सालटे निघते. केस काढलेच पाहिजेत असा मात्र नियम नाही. तो निर्णय सर्वस्वी आपला.

प्रश्न : माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूला, पावलांच्या वरच्या भागावर आणि दंडांवर सतत काळेनिळे डाग असतात. नेहमीच्या तपासणीला गेले असता डॉक्टरांनी दार लावून घेऊन घरी सर्व ठीक आहे ना, असे विचारले. मला हसू आले आणि ओशाळल्यासारखेही झाले. हे डाग लवकर घालवण्याचा उपाय कोणता?

उत्तर : आपले डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी विचारले ते योग्यच केले, आणि आपणही छंदाविषयी मोकळेपणाने सांगून टाकावे. औषधे देताना त्यांना ही माहिती उपयोगी पडते.

पोलच्या दाबाने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात व रक्त ऊतींत साकळते. त्या रक्तातील लाल द्रव्याचे विघटन होत असताना डाग निळसर, मग हिरवट, मग पिवळा होत जातो आणि साधारण दोन आठवड्यांत नाहीसा होतो. ही प्रक्रिया फारशी घाईला आणता येत नाही. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. दोन दिवसांनंतर कोमट शेक द्यावा. ताजा डाग चोळू नये. वर्गापूर्वी ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि दुखण्याची सूचनाही दडपली जाते. काही महिन्यांत डाग आपोआप कमी होतात, याचे कारण त्वचा दाबाला सरावते आणि तंत्रही सुधारते. मांडीची पकड आवळल्यानंतर पाय सरकला नाही तर डाग लहानच पडतो.

मात्र कुठेही आपटलेले नसताना डाग उठणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाळीत नेहमीपेक्षा फार रक्तस्राव होणे किंवा डागाच्या जागी वाढत जाणारी दुखरी गाठ जाणवणे, यांपैकी काही असेल तर पोलला दोष न देता रक्ततपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी हा छंद डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

प्रश्न : तळहातांना घट्टे पडले आहेत. ते कापावेत का?

उत्तर : कापू नयेत. आंघोळीनंतर मऊ झालेले असताना कानशीने किंवा प्यूमिस दगडाने हलकेच घासून सपाट करावेत आणि रात्री तळहातांना मलम लावावे. पातळ घट्टा आपले रक्षणच करतो. उंच झालेला घट्टा मात्र पोलवर अडकून मुळासकट फाटतो. अंगठ्या काढून ठेवाव्यात व नखे आखूड ठेवावीत, हे ओघाने आलेच.

प्रश्न : माझे वय ४९ वर्षे आहे, वजन जास्त आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला होता. मुलगी वर्गाला जाते आणि मलाही आग्रह करते. या वयात सुरुवात करणे हा वेडेपणा ठरेल काय?

उत्तर : वेडेपणा वयात नाही, घाईत आहे, आणि घाई मुलीच्या वयाचेच अधिक करतात.

प्रथम खांदा पाहू. पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे आणि कंबरेची कमान न वाढवता दोन्ही हात सरळ कानांजवळ नेता येतात का ते तपासावे. उजवा हात मध्येच अडत असेल किंवा दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्ट आणि मग पोल, असाच क्रम ठेवावा. हालचाल पूर्ण असेल तरी पहिले काही आठवडे पाय जमिनीवर टेकवून हातांवर थोडा थोडा भार घेण्याची सवय करावी आणि त्या वेळी खांदे कानांपासून दूर, खाली ओढलेले ठेवावेत. नुसते लोंबकळणे हे खांद्याच्या दुखापतीचे एक मोठे कारण ठरते. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, परंतु त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याहून बराच अधिक काळ लागतो; ‘आता जमते आहे’ असे वाटू लागताच कोपर आणि मनगट दुखू लागते ते यामुळेच. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती आणि प्रत्येक हालचाल दोन्ही बाजूंनी, एवढे पथ्य पाळावे. दुसरी बाजू नेहमी बावळट वाटते. ती तशीच असते.

रक्तदाब नियंत्रणात असेल तर फिरक्या, चढणे आणि जमिनीवरचे नृत्य यांना सहसा अडचण नसते, तरी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांची संमती घ्यावी. डोके खाली करण्याचे प्रकार मात्र वेगळे आहेत. उलटे होताना डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणून काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असल्यास ते पूर्णतः टाळावेत. या वयात एकदा नेत्रतपासणी करून घेणे त्यासाठीही चांगले. आणि खरे सांगायचे तर उलटे न होताही वर्षानुवर्षे हा छंद आनंदाने करणाऱ्या बायका आहेत.

वजनाची अट अशी कोणतीही नाही. वजन घटवण्याचे साधन म्हणून मात्र याकडे पाहू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. पोल दुसऱ्या भागाची छान सोय करतो, परंतु वर्गातील बराच वेळ पोलवर आपला क्रम येण्याची वाट पाहण्यात जातो, त्यामुळे भरभर चालणे सोडू नये.

प्रश्न : मासिक पाळीच्या दिवसांत उलटे लटकल्याने अपाय होतो का?

उत्तर : नाही. रक्तस्राव केवळ गुरुत्वाकर्षणाने होत नाही, तो गर्भाशयाच्या आकुंचनाने होतो, आणि काही क्षण उलटे झाल्याने काही बिघडत नाही. आखूड कपड्यांमुळे कप किंवा टॅम्पॉन सोयीचा पडतो. पोट दुखत असेल, थकवा असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. गर्भारपणात मात्र पडण्याचा धोका आणि पोटावर येणारा दाब लक्षात घेऊन हा छंद नव्याने सुरू करू नये, आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू व ओटीपोटाचा तळ तपासून घेतल्याशिवाय परतू नये.

प्रश्न : सासूबाई विचारतात, व्यायामच करायचा तर अंगभर कपडे घालून का करत नाही? मला उत्तर देता आले नाही. त्यांना मल्लखांब ठाऊक आहे, पण हे त्यांना वेगळेच काही वाटते.

उत्तर : मल्लखांबाचाच दाखला द्यावा. त्या लाकडी खांबाला एरंडेल तेल लावतात आणि तरीही खेळाडू अंगावर मोजकेच कपडे ठेवतो, कारण कापड खांबावर सरकते आणि अडकतेही. धातूच्या पोलवर कापड तर त्याहून अधिक सरकते. लांब विजार घालून मांडीच्या पकडीवर बसणे सरळ धोक्याचे आहे. फरक असलाच तर तेलाचा आहे, तिथे ते लावतात आणि इथे त्याचा थेंबही चालत नाही. चिनी सर्कशीतील खांबाला रबर लावलेले असते, म्हणून ते कलाकार अंगभर कपड्यांत खेळतात. पोलवरही सिलिकॉनचे आवरण असलेला प्रकार मिळतो आणि त्याला कपडे लागतातच.

त्याच वेळी या कलेचा मोठा भाग रात्रीच्या क्लबांत नाचणाऱ्या स्त्रियांनी घडवला, हे लपवण्याचे कारण नाही. आज आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ २००९ पासून अस्तित्वात आहे आणि गुण देऊन स्पर्धा होतात, म्हणून आधीच्या स्त्रियांना विसरायचे, हे मला पटत नाही. सासूबाईंना एकदा वर्ग पाहायला न्यावे. घामाघूम, चॉकने माखलेल्या आणि धापा टाकणाऱ्या बायका पाहिल्यावर पुष्कळ शंका आपोआप फिटतात.

प्रश्न : घरी पोल लावण्याचा विचार आहे. शिवाय वर्गानंतर मांड्यांवर लाल, खाजरे पुरळ येते. दोहोंचा संबंध पाहून कोणता पोल घ्यावा?

उत्तर : संबंध आहे, म्हणून आधी पुरळ. घर्षणाने आलेली लाली काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही वाढत जाणारी, बारीक फोडांची खाज असेल आणि कृत्रिम दागिन्यांनीही कान किंवा गळा खाजत असेल, तर निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून घेतलेल्या चाचणीने, ती निश्चित करतात. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलमध्ये मुलाम्याखाली बहुधा निकेलचा थर असतो व तो झिजल्यावर त्रास होतो. अशांना पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची भुकटी तापवून बसवलेल्या थराचा, किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा पोल मानवतो. स्टीलमध्येही निकेल असते, पण ते सहज सुटत नाही. पितळेची पकड उत्तम, मात्र ते लवकर काळवंडते आणि सतत पुसावे लागते.

जाडी ४५ मिलिमीटरची घ्यावी. स्पर्धांतही तीच वापरतात, त्यामुळे वर्ग आणि घर यांत फरक पडत नाही. हात फारच लहान असल्यास ४० मिलिमीटर. छत आणि जमीन यांत दाबून बसवायचा पोल भक्कम स्लॅबखाली किंवा तुळईखालीच लावावा, शोभेच्या खोट्या छताखाली कदापि नको. चारही बाजूंना पाय लांब पसरता येईल एवढी जागा मोकळी असावी. निर्मात्याने दिलेली वजनमर्यादा वाचावी आणि प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी पोल हलवून, आवळून पाहावा, कारण फिरक्यांनी तो हळूहळू सैल होतो. खाली जाड गादी हवीच, तरी गादीमुळे मान वाचेलच असे नाही. म्हणून नवा उलटा प्रकार घरी एकटीने करून पाहू नये. तो वर्गातच, शिक्षिकेचा हात पाठीशी असताना करावा, आणि घरी तेवढेच करावे जे वर्गात दोन्ही बाजूंनी, सावकाश, उडी न मारता जमते.