रिकाम्या फ्लोअरचा डीजे

चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतो, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं: "वय २०, एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. मला क्लबमध्ये डीजे व्हायचंय. दोन वर्षं लॅपटॉपवर मिक्सिंग करतोय, ४० जीबी गाणी जमवली आहेत. पुण्यातल्या तीन-चार क्लबना इन्स्टावर मेसेज टाकले, कोणी उत्तरही दिलं नाही. मला टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत आवडतं, पण इकडे हळदीला गेलं की अहिराणीच लावावी लागते. दोन लाखांचा सेटअप घेतला तर काम मिळेल का? नाना म्हणतात, केळीचे पैसे भोंग्यात घालायचे का? सोबत एका तासाच्या मिक्सची लिंक देतो, ऐकून सांगा."

प्रिय मित्रा,

मिक्स ऐकला, हेडफोन लावून, पूर्ण. आधी त्यावरच बोलतो, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातच सापडतात.

बीट जुळवणं, म्हणजे दोन गाण्यांचे ठेके एकत्र चालवणं, तुला जमतं. ठेके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबून जमवलं असशील तरी माझी तक्रार नाही. क्लबमधल्या प्लेअरवरही ते बटण असतं. पण मिक्स सुरू होतो तोच १३४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १३४ ठोक्यांना, आणि तासभर तिथून हलत नाही. अकराव्या मिनिटाला एका ट्रॅकमधली गायिका अजून गातेय, तेवढ्यात दुसऱ्यातला गायक सुरू होतो. पुढची पंधरा-वीस सेकंदं दोघं एकमेकांवर ओरडत राहतात. ट्रॅक चांगले निवडलेस, कान आहे तुला. पण विसाव्या मिनिटानंतर मी दमलो, आणि मी तर खुर्चीत बसलो होतो.

हा मिक्स कोणत्या वेळेचा आहे, याचा विचार केलास का? रात्री साडेबाराचा. आणि साडेबाराची वेळ नवख्याला कोणी देत नाही. ती तिथल्या रेसिडेंट, म्हणजे कायमच्या, डीजेची असते, नाहीतर पोस्टरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय त्या पाहुण्याची. नवख्याला मिळते नऊ ते साडेदहा. फ्लोअर रिकामा असतो, वेटर टेबलं पुसत असतात, बारपाशी चार माणसं तुझ्याकडे पाठ करून गप्पा मारत असतात. त्या चौघांना उठून जावंसं वाटू नये आणि पुढच्या तासात ती नाचायला यावीत, एवढंच तुझं काम. ऐकायला सोपं वाटतं. या लाइनमधली जुनी मंडळी मात्र हाच तास सगळ्यात अवघड म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं.

त्या तासाचं संगीत वेगळं असतं. ११२ ते ११८ च्या आसपास सुरुवात, बेस गोल आणि उबदार, गायकी कमी, आवाज इतकाच की शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागू नये. वेग वाढवायचा तो एक-दोन बीपीएमने, कोणाच्या लक्षात येणार नाही असा. पाहुणा जे वाजवणार ते हिट ट्रॅक तू आधी वाजवायचे नाहीत. पावणेदहाला रात्रीचं सगळ्यात मोठं गाणं लावून दहा माणसं नाचवलीस, तर तुला वाटेल जिंकलो; नंतर येणाऱ्याच्या हाताशी काही उरत नाही आणि तुला पुन्हा बोलावणं येत नाही. संपवायच्या आधी त्याला विचारायचं, "तुम्ही कितीला सुरू करताय?" तो १२४ म्हणाला तर तू १२१-१२२ ला पोहोचून बाजूला व्हायचं. क्लबचा धंदा बारवर चालतो आणि मॅनेजरचं लक्ष तिकडेच असतं. पहिल्या तासात लोक बसले, त्यांनी दुसरी ऑर्डर दिली, की तो तुझं नाव लक्षात ठेवतो.

आता तुझे ४० जीबी. ३२० केबीपीएसची एमपीथ्री धरली तर मिनिटाला साधारण २.४ एमबी, म्हणजे तुझ्याकडे चार हजारांवर गाणी आहेत. दोन तासांच्या सेटमध्ये लागतात चाळीस. चार हजारांतली किती तू खरोखर ओळखतोस? त्यातली तीनशे निवड आणि बाकीची सध्या दुसऱ्या डिस्कवर टाक. या तीनशेंची ओळख अशी हवी की पहिला आवाज कितव्या सेकंदाला येतो आणि ठेका कुठे थांबतो, हे न बघता सांगता आलं पाहिजे. टेक्नोत आणि त्याच्या भावंडासारख्या हाउस संगीतात बहुतेक बदल ३२ बीटच्या टप्प्यावर होतात. १२४ बीपीएमला हा टप्पा साडेपंधरा सेकंदांचा असतो. नवा ट्रॅक त्या टप्प्यावर आत आणलास आणि जुन्यातली गायकी संपल्याची खात्री केलीस, तर अकराव्या मिनिटाचं भांडण पुन्हा होणार नाही. फोल्डर करताना टेक्नो, हाउस, बॉलिवूड असे प्रकारांवर करू नकोस, वेळेवर कर: रिकामा फ्लोअर, पाय हलायला लागले, भरला, शेवटची दहा मिनिटं. एकच गाणं दोन फोल्डरमध्ये गेलं तरी चालेल. सॉफ्टवेअर गाण्याची पट्टी ८ए, ९ए अशी दाखवतं. शेजारच्या आकड्यांची गाणी सहसा जुळतात. पण कानाला खटकलं तर आकड्याचं ऐकू नकोस.

आणि यूट्यूबवरून उतरवलेली गाणी काढून टाक. कायद्याचा भाग आहेच, पण ती फाइल नंतर ३२० केबीपीएसला बदलली तरी गेलेला आवाज परत येत नाही. मोबाइलवर कळत नाही. मोठ्या सिस्टिमवर झांजा खरखरतात आणि बेस पोकळ होतो. बँडकँप, बीटपोर्टवर एकेक ट्रॅक विकत मिळतो. महिन्याला दहा घेतलेस तरी पुरे, पैसे मोजून घेतलेलं गाणं माणूस नीट ऐकतो.

हळदीला अहिराणी "लावावी लागते" असं तू लिहिलंस. लावावी लागते? अरे, पुण्यातल्या मुलांना जी शाळा मिळत नाही ती तुला दारात मिळालीय. हळदीच्या लॉनवर सात वर्षांची पोर असते, सत्तरीची आजी असते, नवरदेवाचे मित्र असतात आणि लांब खुर्च्यांवर पाहुणे रुसून बसलेले असतात. चुकलास तर त्याच मिनिटाला कळतं. एखादी मावशी थेट टेबलापाशी येऊन म्हणते, "आहिरानी लाव ना रे भो!" तेव्हा लगेच चालू गाणं तोडायचं, की आणखी दोन गाण्यांनी तिथे पोहोचायचं आणि तोवर मावशीला हसून थांबवायचं? हा निर्णय क्लबमध्येही रोज घ्यावा लागतो, फक्त तिथे मावशीच्या जागी वाढदिवसाचं टेबल असतं.

त्यातून लॉनवर घड्याळ आडवं येतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, काही ठरावीक दिवसांची सूट सोडली तर. बंद हॉलला वेगळी मुभा आहे, म्हणून क्लबची रात्र अकरानंतर चढते आणि आपली हळद पावणेदहाला कळसावर न्यावी लागते. जेवणं आठला सुरू झाली तर तुझ्या हातात उरतो दीड तास, आणि तेवढ्यात रिकाम्या मंडपापासून टोकापर्यंत जायचं. प्रत्येक हळदीनंतर घरी आलास की वहीत लिही: कोणत्या गाण्याला लोक उठले, कोणत्या गाण्याला पाणी प्यायला गेले. एका लग्नसराईत ही वही भरेल.

तांत्रिक बाजूनेही इथे शिकण्यासारखं बरंच आहे. नाचाची जी गाणी दादऱ्याच्या अंगाने सहा मात्रांत झुलतात, ती हाउसच्या चार मात्रांवर ताणून बसत नाहीत. तिथे मिसळायचा हट्ट सोडून इको देऊन आधीचं गाणं विरवायचं आणि नवं सरळ टाळीवर उचलायचं. जुन्या हिंदी गाण्यांत वादक प्रत्यक्ष वाजवायचे, त्यामुळे लय किंचित सरकत राहते आणि सॉफ्टवेअरने आखलेली बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, तिसऱ्या कडव्यापर्यंत चुकते. तिथे सिंक कामाला येत नाही, हातानेच सांभाळावं लागतं. सातपुड्याच्या बाजूला टिमली या आदिवासी नाचाच्या संगीतावर लोक तासन्‌तास नाचतात. एकच ठेका इतका वेळ का कंटाळवाणा होत नाही, हे नाचणाऱ्यांत उभं राहून बघ. टेक्नो आवडणाऱ्या माणसाला यातून काही मिळालं नाही तर मला नवल वाटेल.

शिकागोत फ्रँकी नकल्स १९७७ पासून वेअरहाउस नावाच्या क्लबात वाजवायचा. हाउस हे नाव त्या क्लबवरूनच आलं असं सांगतात. तो समोरच्या लोकांना चालणारी डिस्कोची गाणी घ्यायचा आणि नाचायचा भाग लांबवून स्वतःची आवृत्ती करायचा. तूही कर. ओळखीच्या एखाद्या अहिराणी गाण्याच्या आधी आणि शेवटी नुसत्या ठेक्याचे ३२-३२ बीट जोड, म्हणजे ते मिक्समध्ये आणता येईल. फक्त मूळ निर्मात्याला न विचारता ते नेटवर चढवू नकोस. पुण्या-नाशकात खान्देशची माणसं थोडीथोडकी नाहीत, असे दोन ट्रॅक पेनड्राइव्हवर असले तर एखाद्या रात्री कामी येतील. ओपनिंगमध्ये, म्हणजे त्या नऊच्या तासात, मात्र वाजवू नकोस.

दोन लाखांचं एका ओळीत: घेऊ नकोस. क्लबात जे सीडीजे प्लेअर असतात त्यांतला नवा एकच दोन लाखांच्या वर जातो, आणि तो क्लबचा असतो. तू जायचं हेडफोन आणि दोन पेनड्राइव्ह घेऊन. दोन अशासाठी की एक कधी ना कधी दगा देतो. ते रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून एफएटी३२ ला फॉरमॅट करून ने, नाहीतर जुना प्लेअर त्यांना ओळखणारच नाही आणि भरल्या रात्री तू घामाघूम होशील. सरावाला लॅपटॉपला जोडायचा दोन चॅनलचा साधा कंट्रोलर पुरतो, जुना मिळाला तरी चालेल. पुण्यात तासाच्या भाड्याने खरे प्लेअर लावून देणारे स्टुडिओ आहेत, पहिल्या कामाआधी दोन तास तिथे काढ. नानांच्या डोळ्यासमोर बहुधा ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत आहे. तो धंदा वेगळा: गाडी, जनरेटर, चार माणसं, आणि मिरवणुकीत आवाज वाढला की पोलीस ठाणं. त्यात पैसे घालू नका असं ते म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूचा.

आता कामाचं. तुझ्या मेसेजना उत्तर का आलं नाही? क्लबला रोज असे मेसेज येतात, "मी डीजे आहे, चान्स द्या." त्यात मॅनेजरला उपयोगाचं काही नसतं. आणि खरं सांगायचं तर तू अजून २१ चा नाहीस. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं लागतात, त्यामुळे बरेच क्लब दारातच आधार कार्ड मागतात. म्हणून हे वर्ष इकडेच घाल. जळगाव-भुसावळकडे साउंड भाड्याने देणारे आहेत, लग्नसराईत त्यांना हाताशी मुलगा लागतोच. केबल गुंडाळ, मिक्सरवर गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, कसा लावतात ते बघ, लाल दिवा लागला की आवाज फाटतो हे स्वतःच्या कानांनी ऐक.

२१ पूर्ण झाली की आधी नाशिक बघ, मग पुणे. इंदूरही विसरू नकोस, चोपड्याहून ते पुण्यापेक्षा जवळ आहे. सुरत जवळ असली तरी गुजरातेत दारूबंदी, तिथे लग्नं आणि नवरात्र मोठी, क्लब नाहीत. एक ठिकाण निवड, आठवड्याच्या मधल्या वारी जा, नऊला पोहोच आणि दारू न पिता साडेअकरापर्यंत ऐकत बस. कार्यक्रम कोण ठरवतं ते विचार. कधी मॅनेजर ठरवतो, कधी बाहेरचा प्रमोटर. मग मेसेज असा टाक: "नमस्कार, मी गेल्या बुधवारी आलो होतो. साडेनऊपर्यंत तुमच्याकडे प्लेलिस्ट चालू असते. त्या वेळेसाठी ४० मिनिटांचा ओपनिंग मिक्स केलाय, लिंक सोबत. बुधवारी वेळ असेल तर कळवा." मिक्स मिक्सक्लाउड या साइटवर ठेव, तिथे गाण्यांच्या परवान्यांची सोय आहे, सहसा काढून टाकत नाहीत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा जा आणि तोंडओळख कर. "तीस मित्र आण, मग स्लॉट देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून निघायचं. एखाद-दोनदा फुकट वाजवलंस तर चालेल, पण कोणती वेळ आणि किती वेळ हे आधी मेसेजवर लिहून घे. आणि डीजे अकादमीच्या सर्टिफिकेटसाठी कर्ज काढू नकोस, ते बघायला कोणी मागत नाही.

नानांना दाखवायला दोन गोष्टी. एक, बी.एस्सी. पूर्ण करणार असल्याचं लेखी दे हवं तर. पदवी असली की पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो, हा रस्ता उघडा राहू दे. दोन, कमाईचा हिशेब. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत लग्नं, मग चातुर्मासात हात रिकामे. क्लबचा डिसेंबर भरलेला, ड्राय डेला कुलूप. लग्नाचे निम्मे पैसे आगाऊ घे. क्लब उशिरा देतो आणि टीडीएस कापतो, तेव्हा पॅन आणि रिटर्न दोन्ही हवं.

कानांचंही बघ. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. क्लबमध्ये १०० सहज होतात. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, कंट्रोलरच्या आधी ते घे.

पुढच्या वेळी तासाचा मिक्स पाठवू नकोस. ४० मिनिटांचा पाठव: ११४ ला सुरू होणारा, १२१ ला संपणारा, पहिल्या दहा मिनिटांत गायक नसलेला. सोबत गाण्यांची यादी, आणि प्रत्येक गाणं तिथेच का ठेवलंस ते एकेका ओळीत.